व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क टर्मिनलवरून सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात केव्हीएम (लिनक्समध्ये एकाच संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) वापरणारी मराठी मंडळी बरीच आहेत. भंवरकुआंला खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आहेत, सियागंजातल्या पेढ्यांचे हिशेब ठेवणारे आहेत, आणि शाळेची लॅब एकट्याने चालवणाऱ्या शिक्षिकाही आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या; फक्त आकारापुढचा 'जी' मोठा ठेवायचा. उदाहरणांत पूलचं नाव 'राजवाडा', मशीनचं नाव 'सराफा' आणि तिच्या डिस्कचं नाव 'सराफा.क्यूकाऊ२' असं धरलं आहे.

१. पूल, व्हॉल्यूम आणि इमेज यांत फरक काय?

पूल म्हणजे लिबव्हर्टला (मशीन आणि त्यांच्या डिस्क सांभाळणाऱ्या सेवेला) माहीत असलेली साठवणीची जागा. ती साधा फोल्डर असेल, वेगळं पार्टिशन असेल, एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) ग्रुप असेल किंवा नेटवर्कवरचा एनएफएस शेअर असेल. त्या जागेतली एक डिस्क म्हणजे व्हॉल्यूम. फोल्डरच्या पूलमध्ये व्हॉल्यूम ही एक फाइलच असते आणि तिलाच आपण इमेज म्हणतो. एलव्हीएमच्या पूलमध्ये फाइल नसते, तिथे प्रत्येक व्हॉल्यूम हे एक लॉजिकल व्हॉल्यूम असतं. काहीच बदललं नसेल तर 'डिफॉल्ट' नावाचा पूल /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस या फोल्डरवर उभा असतो.

एक गोष्ट इथेच पक्की करा, पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. प्रत्येक डिस्कला तीन आकार असतात: होस्टवर (मशीन ज्या संगणकावर चालतात तिथे) फाइलने प्रत्यक्ष अडवलेली जागा, मशीनला दाखवलेला डिस्कचा आकार, आणि मशीनच्या आतल्या फाइलसिस्टिमचा आकार. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. 'जागा कमी पडतेय' असं वाटलं की आधी यांतली कोणती जागा ते ठरवा, मगच आज्ञा द्या.

२. व्हर्श वापरू की क्यूएमू-आयएमजी? दोन्हींत तीच कामं दिसतात.

मशीन लिबव्हर्टच्या ताब्यात असेल तर शक्यतो व्हर्श. व्हर्श लिबव्हर्टशी बोलतो, त्यामुळे पूलची नोंद, फाइलची मालकी आणि चालू मशीनची स्थिती एकमेकींशी जुळलेली राहतात. क्यूएमू-आयएमजी थेट फाइलवर काम करतं, त्याला पूल ठाऊक नसतो. फॉरमॅट बदलणं, फाइल तपासणं, बॅकिंग फाइलची (डिस्क-फाइल आपला बाकीचा मजकूर जिच्यातून वाचते तिची) साखळी पाहणं ही त्याची खरी कामं. फाइल वाचायची असेल तर क्यूएमू-आयएमजी निर्धास्त वापरा. तिच्यात लिहायचं असेल तर मशीन बंद असल्याची आधी खात्री करा.

३. 'व्हर्श लिस्ट --ऑल' दिलं तर यादी रिकामी येते. व्हर्ट-मॅनेजरमध्ये तर सगळी मशीन दिसतात!

तुम्ही दुसऱ्या दारात उभे आहात. साध्या युजरने व्हर्श चालवलं की ते 'सेशन'ला जोडलं जातं, आणि व्हर्ट-मॅनेजर (हीच कामं खिडक्यांतून करणारा प्रोग्राम) बहुधा 'सिस्टिम'ला. दोघांचे पूल वेगळे आणि मशीनही वेगळी.

`व्हर्श --कनेक्ट क्यूएमू:///सिस्टिम लिस्ट --ऑल`

हे चाललं तर तेच कारण होतं. दर वेळी टाइप करायचं नसेल तर लिबव्हर्ट_डिफॉल्ट_यूआरआय या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हा पत्ता घाला (हे नाव मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत) आणि आपल्या युजरला 'लिबव्हर्ट' ग्रुपमध्ये टाका. ग्रुप बदलल्यावर एकदा लॉगआउट करावं लागतं. ते राहून जातं आणि मग तासभर डोकं चालत नाही.

४. दुसरी एसएसडी लावली आहे. तिच्यावर पूल कसा करू?

डिस्क फॉरमॅट करून, समजा, /डेटा इथे माउंट केली आहे आणि आत व्हीएम नावाचा फोल्डर हवा आहे. मग:

`व्हर्श पूल-डिफाइन-अॅज राजवाडा डिर --टार्गेट /डेटा/व्हीएम`
`व्हर्श पूल-बिल्ड राजवाडा`
`व्हर्श पूल-स्टार्ट राजवाडा`
`व्हर्श पूल-ऑटोस्टार्ट राजवाडा`

शेवटची ओळ सोडू नका. ती नसेल तर होस्ट रीबूट झाल्यावर पूल बंदच राहतो.

यातला एक धोका नीट समजून घ्या. 'डिर' प्रकारच्या पूलला फक्त फोल्डर कळतो, त्यामागची डिस्क कळत नाही. एखाद्या दिवशी एसएसडी माउंट झाली नाही, पण /डेटा/व्हीएम हा फोल्डर मूळ डिस्कवर आधीपासून असेल, तर पूल आनंदाने सुरू होईल आणि रिकामा दिसेल. काळजीपोटी तुम्ही नवीन व्हॉल्यूम बनवाल, तो होस्टच्या मूळ पार्टिशनवर पडेल आणि ते भरून होस्टच अडून बसेल. पूल अचानक रिकामा दिसला तर काहीही बनवण्याआधी `फाइंडएमएनटी /डेटा` चालवा. कायमचा उपाय हवा असेल तर 'डिर'ऐवजी 'एफएस' प्रकारचा पूल करा आणि --सोर्स-डेव्ह मध्ये पार्टिशन द्या. मग माउंट करण्याचं काम लिबव्हर्टच करतो, आणि डिस्क नसेल तर पूल सुरूच होत नाही. मात्र 'एफएस' पूलवर पूल-बिल्ड --ओव्हरराइट कधीही सवयीने देऊ नका, त्याने पार्टिशन फॉरमॅट होतं.

५. नवीन डिस्क बनवायची आहे. रॉ ठेवू की क्यूकाऊ२?

`व्हर्श व्हॉल-क्रिएट-अॅज राजवाडा सराफा.क्यूकाऊ२ ४०जी --फॉरमॅट क्यूकाऊ२`

रॉ म्हणजे डिस्कचे बाइट जसेच्या तसे; क्यूकाऊ२ म्हणजे क्यूएमूचा (मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्वतःचा फॉरमॅट. --फॉरमॅट लिहिलं नाही तर फोल्डरच्या पूलमध्ये रॉ बनतो, मग नावाच्या शेवटी तुम्ही काहीही लिहा. नावावरून फॉरमॅट ठरत नाही. पुढे प्रश्न ८ मध्ये जो घोळ सांगितला आहे, त्याचं मूळ याच गैरसमजात असतं.

निवडीचं म्हणाल तर घरच्या किंवा लहान ऑफिसच्या होस्टवर क्यूकाऊ२ घ्या. स्नॅपशॉट, बॅकिंग फाइल, कॉम्प्रेशन हे सगळं त्यात मिळतं. रॉ थोडा वेगवान असतो आणि बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, म्हणून सतत लिहिणाऱ्या मोठ्या डेटाबेससाठी मी रॉ किंवा थेट एलव्हीएम सुचवेन. एलव्हीएमच्या व्हॉल्यूमवर क्यूकाऊ२ चढवायचा खटाटोप नवशिक्यांनी करू नये.

आकार लिहिताना एकक द्याच. '४०जी' म्हणजे १०२४च्या हिशेबाने, '४०जीबी' म्हणजे १०००च्या हिशेबाने. एकक न देता नुसतं ४० लिहिलंत तर ते ४० बाइट धरले जातात.

६. ४० जीबीची डिस्क बनवली, पण होस्टवर फाइल जेमतेम २०० केबीची दिसते. बिघडलं का काही?

नाही. क्यूकाऊ२ आत लिहिलं जाईल तशी वाढते. `व्हर्श व्हॉल-इन्फो सराफा.क्यूकाऊ२ --पूल राजवाडा` दिलं की 'कपॅसिटी' म्हणजे मशीनला दाखवलेला आकार आणि 'अॅलोकेशन' म्हणजे खरोखर अडवलेली जागा, असे दोन आकडे येतात. रॉ फाइलही विरळ असू शकते. तिथे `एलएस -एल` मोठा आकडा सांगतं आणि `डीयू -एच` खरा.

म्हणूनच २५० जीबीच्या एसएसडीवर ४० जीबीच्या दहा डिस्क बनवता येतात आणि कोणीही अडवत नाही. अडचण त्या सगळ्या भरायला लागल्यावर येते, तेव्हा काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे. आठवड्यातून एकदा `व्हर्श पूल-इन्फो राजवाडा` पाहायची सवय लावा.

७. इमेज फोल्डरमध्ये कॉपी केली, तरी व्हॉल-लिस्टमध्ये येत नाही.

`व्हर्श पूल-रिफ्रेश राजवाडा`. लिबव्हर्ट फोल्डरवर सतत नजर ठेवत नाही, सांगितल्यावरच पुन्हा मोजतो.

८. दुसरी डिस्क जोडली, पण मशीनच्या आत ती काही केबींचीच दिसते. ५० जीबीची बनवली होती.

क्यूकाऊ२ फाइल रॉ म्हणून जोडली गेली आहे. सुरक्षेसाठी लिबव्हर्ट फाइल उघडून फॉरमॅट ओळखत बसत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर तो रॉ धरतो, आणि मशीनला ५० जीबीच्या डिस्कऐवजी होस्टवरची ती चिमुकली फाइलच जशीच्या तशी दिसते. बरोबर आज्ञा अशी:

`व्हर्श अटॅच-डिस्क सराफा /डेटा/व्हीएम/माल.क्यूकाऊ२ व्हीडीबी --ड्रायव्हर क्यूएमू --सबड्रायव्हर क्यूकाऊ२ --टार्गेटबस व्हर्टआयओ --पर्सिस्टंट`

आधीची चुकीची जोडणी `व्हर्श डिटॅच-डिस्क` ने काढा. पण एक सांगा, ती छोटी डिस्क दिसल्यावर मशीनच्या आत ती फॉरमॅट करून पाहिली होती का? पाहिली असेल तर क्यूकाऊ२चं शीर्षकच पुसलं गेलं आहे. फाइल नवी होती तोवर नुकसान काही नाही, दुसरी बनवा. जुन्या, भरलेल्या फाइलवर असं झालं असेल तर तिला हात लावू नका आणि बॅकअपकडे वळा.

९. मशीनची डिस्क ४० वरून ६० जीबी करायची आहे. वाढवली, तरी आत ४०च दिसते.

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. सियागंजातल्या एका लेखापालांनी मार्चअखेर असताना हाच विचारला होता, त्यांची टॅली विंडोजच्या मशीनवर चालते. उत्तर प्रश्न १ मधल्या तीन आकारांत आहे: तुम्ही मधला वाढवला, आतला अजून तसाच आहे.

मशीन बंद असेल तर:

`व्हर्श व्हॉल-रिसाइझ सराफा.क्यूकाऊ२ ६०जी --पूल राजवाडा`

मशीन चालू असेल तर हे वापरू नका. तिथे:

`व्हर्श ब्लॉकरिसाइझ सराफा व्हीडीए ६०जी`

इथेही एकक लिहाच, कारण एकक नसेल तर व्हॉल-रिसाइझ आकडा बाइटमध्ये धरतं आणि ब्लॉकरिसाइझ किबीबाइटमध्ये. एकाच घरातल्या दोन आज्ञा असूनही हे असं आहे.

आता मशीनच्या आत जा. `एलएसबीएलके` मध्ये डिस्क ६० जीबीची दिसायला हवी. मग पार्टिशन वाढवा, `ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए १` (व्हीडीए आणि १ यांमध्ये जागा सोडायची). नंतर फाइलसिस्टिम: ईएक्सटी४ असेल तर `रिसाइझ२एफएस /डेव्ह/व्हीडीए१`, एक्सएफएस असेल तर `एक्सएफएस_ग्रोएफएस /`. मधे एलव्हीएम असेल तर ग्रोपार्टनंतर `पीव्हीरिसाइझ` आणि मग `एलव्हीएक्सटेंड -आर`. ही 'आर' खूण फाइलसिस्टिमही सोबत वाढवते.

उबुंटू सर्व्हर वापरणाऱ्यांनी डिस्क वाढवण्याआधी मशीनच्या आत `व्हीजीएस` पाहावं. एलव्हीएमसह इन्स्टॉल करताना २० ते २०० जीबीच्या डिस्कवर उबुंटू मूळ व्हॉल्यूमला साधारण निम्मीच जागा देतो, उरलेली ग्रुपमध्ये मोकळी पडून असते. पुष्कळांना डिस्क वाढवायची गरजच नसते.

विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून सी ड्राइव्हवर 'एक्सटेंड व्हॉल्यूम' करायचं. तो पर्याय फिकट दिसत असेल तर सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं आहे. विस्तार फक्त लगतच्या जागेत होतो. `रीएजंटसी /डिसेबल` देऊन रिकव्हरी बंद करा, ते पार्टिशन डिस्कपार्टने काढा, मग सी वाढवा. त्याआधी मशीन बंद करून डिस्कची एक प्रत घ्या. हिशेबाच्या मशीनवर तर प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

१०. उलट, डिस्क लहान करता येते का?

आज्ञा आहे (--श्रिंक), पण ती आतला डेटा सरकवत नाही. शेवटचा भाग कापून टाकते, तिथे तुमचे फोटो असोत की काहीही. आत एक्सएफएस असेल तर आधी फाइलसिस्टिम लहान करून घेण्याचा मार्गही व्यवहारात मिळत नाही. लहान डिस्क नवी बनवा, मशीनला जोडा, डेटा कॉपी करा. होस्टवरची जागा परत मिळवणं एवढाच हेतू असेल तर डिस्क लहान करायचं कारणच नाही, पुढचा प्रश्न पाहा.

११. मशीनमधून ३० जीबीचे व्हिडिओ उडवले, पण होस्टवर जागा मोकळी झाली नाही.

मशीनने फाइल पुसली ही बातमी होस्टपर्यंत पोहोचलेली नसते. ती पोहोचवायला 'डिस्कार्ड' लागतं. `व्हर्श एडिट सराफा` मध्ये त्या डिस्कच्या ड्रायव्हरच्या ओळीत डिस्कार्ड='अनमॅप' घाला, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि आत `एफएसट्रिम -एव्ही` चालवा. नुसतं आतून रीबूट केलं तर बदल लागू होत नाही. व्हर्टआयओ-ब्लॉकवर (व्हर्टआयओ म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीची खास डिस्क-जोडणी) हे क्यूएमू ४.० पासून चालतं, त्याहून जुन्या होस्टवर डिस्क व्हर्टआयओ-स्कझीवर न्यावी लागते. मशीन बंद ठेवणं परवडत असेल तर `व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस` हाही चांगला रस्ता आहे.

१२. चालती मशीन अचानक गोठली. पिंग नाही, स्क्रीन हलत नाही. रीसेट मारू का?

थांबा. आधी हे पाहा:

`व्हर्श डॉमस्टेट सराफा --रीझन`

'पॉझ्ड' आणि कंसात 'आय/ओ एरर' असं आलं, तर बहुतेक वेळा होस्टवरची जागा संपलेली असते. `व्हर्श डॉमब्लकएरर सराफा` कोणत्या डिस्कवर अडलं ते सांगतं. क्यूएमूने इथे शहाणपणाने मशीन थांबवून धरली आहे, लिहायचं राहिलेलं काही हरवलेलं नाही. होस्टवर जागा करा: जुने आयएसओ काढा, नको असलेली प्रत दुसऱ्या डिस्कवर हलवा. मग `व्हर्श रिझ्यूम सराफा`. मशीन जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालते. रीसेट मारलात तर हातात असलेलं हे सगळं घालवाल.

१३. पावसाळ्यात वीज गेली, आता इमेज उघडत नाही किंवा 'राइट लॉक मिळाला नाही' असं येतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉकचा अर्थ एवढाच, की दुसरी कोणती तरी प्रक्रिया ती फाइल वापरते आहे. क्यूएमू २.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, हे संरक्षण आहे. होस्ट बंद पडला की लॉकही जातो, तेव्हा वीज आल्यावर लॉक दिसत असेल तर ऑटोस्टार्टने मशीन आधीच चालू झाली आहे का ते पाहा. चालू मशीनची माहिती नुसती वाचायची असेल तर `क्यूएमू-आयएमजी इन्फो -यू` (हा 'यू' मोठा).

खरंच बिघाड असेल तर मशीन बंद ठेवून `क्यूएमू-आयएमजी चेक सराफा.क्यूकाऊ२`. फक्त 'लीक' सांगितले तर घाबरू नका, थोडी जागा वाया गेली आहे एवढंच, `-आर लीक्स` ने ती परत मिळते. 'एरर' सांगितले तर आधी पूर्ण फाइलची प्रत करा आणि `-आर ऑल` त्या प्रतीवर चालवा. दुरुस्तीने कधी कधी आणखी नुकसान होतं. कॅशे 'अनसेफ' ठेवली असेल तर ती आजच बदला. त्यात मशीन 'डिस्कवर पक्कं लिहा' म्हणते आणि होस्ट ते ऐकतच नाही. इंदुरात जूनमधल्या पहिल्या वादळातच त्याची किंमत मोजावी लागेल. होस्टला यूपीएस लावाच, राउटरच्या आधी.

१४. स्नॅपशॉट घेतल्यावर दोन फाइल झाल्या. जुनी काढू का?

अजिबात नको. `--डिस्क-ओन्ली` स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल गोठते आणि नवं लिखाण नव्या फाइलमध्ये जातं. नव्या फाइलमध्ये फक्त बदल असतात, बाकी सगळं ती जुनीतून वाचते. जुनी काढली तर नवीही निरुपयोगी. जुनीला वेगळी मशीन जोडून चालू केली आणि तिच्यात काही लिहिलं गेलं, तरीही नवी बिघडते. आणि फक्त नवी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली तर तो बॅकअप होत नाही.

साखळी पाहायला ('अपडेटपूर्वी' हे इथे स्नॅपशॉटचं नाव, नव्या फाइलच्या नावात तेच येतं):

`क्यूएमू-आयएमजी इन्फो -यू --बॅकिंग-चेन /डेटा/व्हीएम/सराफा.अपडेटपूर्वी`

अपडेट नीट झालं आणि आता एकच फाइल हवी असेल, तर मशीन चालू असतानाच:

`व्हर्श ब्लॉककमिट सराफा व्हीडीए --अॅक्टिव्ह --पिव्हट --व्हर्बोज`

बदल जुन्या फाइलमध्ये ओतले जातात आणि मशीन तिच्यावर परत येते. `व्हर्श डॉमब्लकलिस्ट सराफा` मध्ये जुन्या फाइलचं नाव दिसलं, की मगच वरची फाइल काढा आणि `स्नॅपशॉट-डिलीट --मेटाडेटा` ने नोंद पुसा. मशीन बंद असताना अख्खी साखळी एका फाइलमध्ये हवी असेल तर `क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट -ओ क्यूकाऊ२` ते करतं (इथला 'ओ' मोठा).

१५. लॅबसाठी एकाच मशीनच्या वीस प्रती हव्यात.

मूळ मशीन बंद करा, मग `व्हर्श व्हॉल-क्लोन`. चालू मशीनची प्रत अर्धवट लिखाणासह येते. प्रत्येक प्रतीवर `व्हर्ट-सिसप्रेप` चालवा, नाहीतर सगळ्यांची मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या सारख्या राहतात आणि डीएचसीपी दोघांना एकच पत्ता देऊ शकतो. जागा कमी असेल तर एक मूळ फाइल आणि तिच्यावर वीस हलक्या ओव्हरले फाइल (फक्त बदल ठेवणाऱ्या) असंही चालतं. तिथे प्रश्न १४ मधला नियम लागू: मूळ फाइलला कोणी हात लावायचा नाही. ओव्हरले बनवताना मूळ फाइलचा फॉरमॅटही सांगावा लागतो (मोठा 'एफ'), क्यूएमू ६.१ पासून ते सक्तीचं आहे.

१६. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय किंवा व्हीएमवेअरची व्हीएमडीके इथे आणता येईल?

`क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट -पी -ओ क्यूकाऊ२ जुनी.व्हीडीआय नवी.क्यूकाऊ२`

'ओ' इथेही मोठा. 'पी' ने किती झालं ते दिसत राहतं. मशीन आधी पूर्ण बंद केलेली हवी, 'सेव्ह स्टेट' करून ठेवलेली चालणार नाही. विंडोज नव्या जागी निळा पडदा दाखवत असेल तर तिच्यात व्हर्टआयओचा ड्रायव्हर नाही. पहिल्यांदा डिस्क साटावर ठेवून चालू करा, ड्रायव्हर बसवा, मग व्हर्टआयओवर न्या.

१७. 'पूल-डिस्ट्रॉय' द्यायला हात धजत नाही. सगळं पुसलं जातं का?

नाव भयंकर आहे, काम साधं: पूल फक्त बंद होतो, फाइल जागच्या जागी राहतात. `पूल-अनडिफाइन` नोंद काढतं, फाइलना तेही हात लावत नाही. `पूल-डिलीट` फोल्डर काढू पाहतं आणि तो रिकामा नसेल तर नकार देतं. भीती बाळगायची ती `व्हॉल-डिलीट` आणि `अनडिफाइन --रिमूव्ह-ऑल-स्टोरेज` यांची. दोन्ही विचारत नाहीत, पुसून मोकळे होतात. दुसरी आज्ञा देण्याआधी `डॉमब्लकलिस्ट` पाहा, त्या मशीनला कोणाची सामायिक डेटाची डिस्क जोडलेली नाही ना.

१८. चालू मशीनची डिस्क व्हॉल-डिलीट झाली! मशीन मात्र अजून चालते आहे. काही होऊ शकतं?

हो, पण मशीन बंद करू नका, होस्ट रीबूट करू नका. फोल्डरच्या पूलमध्ये लिबव्हर्ट मशीन चालू आहे का ते न पाहताच फाइलचं नाव काढून टाकतो. पण क्यूएमूने ती उघडी धरली आहे तोवर लिनक्स तिचा मजकूर सोडत नाही. आधी `व्हर्श सस्पेंड सराफा`, म्हणजे नवं लिखाण थांबेल. मग क्यूएमूच्या प्रक्रियेचा क्रमांक शोधा आणि रूट होऊन `एलएस -एल /प्रॉक/क्रमांक/एफडी` पाहा. जिच्यापुढे 'डिलीटेड' लिहिलं आहे तीच तुमची डिस्क. `सीपी --स्पार्स=ऑलवेज` ने ती पुरेशी जागा असलेल्या दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. कॉपी झाल्यावर तिच्यावर `क्यूएमू-आयएमजी चेक` चालवा, आणि ती सुरळीत निघेपर्यंत थांबवलेली मशीन तशीच राहू द्या. त्यानंतर मशीन बंद करा, प्रत मूळ नावाने जागेवर ठेवा, पूल रिफ्रेश करा आणि चालू करा.